बेटांचं शहर

सायकल चालवायला याहून सोयीचं शहर शोधून सापडायचं नाही, असं सॅन होजेकडे पाहून कुणालाही वाटेल. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा खोऱ्याच्या तळावर पसरलेली सपाट जमीन, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन, बर्फाचं नाव नाही, पाऊस तोही हिवाळ्यातच. रस्ते ऐसपैस. वस्ती दहा लाखांच्या घरात. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं, सुना, जावई या शहरात किंवा शेजारच्या सनीवेल-क्युपर्टिनोत संसार थाटून आहेत, त्यामुळे ही नावं मराठी कानांना परकी नाहीत. आणि तरी २०१०च्या सुमारास या शहरात सायकलने कामावर जाणारा माणूस शंभरांत जेमतेम एक भेटत असे.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात वारा समोरून येतो आणि पाऊस कधीही येतो. तिथे १९८०च्या दशकातच दहातल्या चार फेऱ्या सायकलवर होत होत्या. मग सॅन होजेचं घोडं नेमकं कुठे पेंड खात होतं?

उत्तरं तयार होती. अमेरिकन माणूस गाडीशिवाय पाऊल टाकत नाही. अंतरं फार. लोक आळशी झालेत. शहराकडून प्रयत्न झाले नव्हते असंही नाही. २००९मध्ये नगर परिषदेने सायकल आराखडा मंजूर केला होता. ५०० मैलांचं सायकलमार्गांचं जाळं आणि २०२०पर्यंत शंभरातल्या पाच फेऱ्या सायकलवर, असं त्यात उद्दिष्ट होतं. बऱ्याच रस्त्यांच्या कडेला पांढरे पट्टे ओढूनही झाले होते. पट्टे होते, ऊन होतं, सपाटी होती. माणसं नव्हती.

या तयार उत्तरांवर तिघांचं समाधान झालं नाही. वाहतूक अभियंता माआझा मेकुरिया, बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणारे पीटर फर्थ आणि सॅन होजे स्टेट विद्यापीठातल्या नगररचनेच्या प्राध्यापक हिलरी निक्सन. तिघांनी सॅन होजेचा एकूण एक रस्ता तपासायला घेतला. मे २०१२मध्ये त्यांचा अहवाल मिनेटा वाहतूक संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात काय निघालं हे सांगण्याआधी एका जुन्या भांडणाकडे जावं लागेल, कारण त्या भांडणानेच खऱ्या प्रश्नाला चाळीस वर्षं झाकून ठेवलं होतं.

सॅन होजेपासून मोटारने अर्ध्या तासावर पालो आल्टो आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या नगरपालिकेने काही रस्त्यांवर सायकलस्वारांनी पदपथावरच्या मार्गावरूनच जावं असा नियम केला. जॉन फॉरेस्टर नावाच्या औद्योगिक अभियंत्याने तो मोडला. तो मुद्दाम मुख्य रस्त्यावरून गेला, पोलिसाची पावती घेतली आणि न्यायालयात भांडला. फॉरेस्टर कसलेला सायकलपटू होता. त्याचं म्हणणं असं की सायकल हे वाहन आहे, सायकलस्वाराने वाहनचालकासारखं वागावं आणि इतरांनीही त्याला तसंच वागवावं. वेगळी वाट म्हणजे सायकलस्वाराला रस्त्यावरून हाकलण्याची युक्ती. त्याचं ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सायकलपटूंच्या एका पिढीने प्रमाण मानलं.

फॉरेस्टरच्या म्हणण्यात एक मोठं सत्य होतं आणि ते नाकारणं अन्यायाचं होईल. पदपथावरून वेगाने आलेली सायकल चौकात अचानक गाडीसमोर उतरते, आणि तिथेच घात होतो. हे त्याने स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं. पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष, वेगळे मार्गच नकोत, हा त्याच्यासारख्या धाडसी आणि तरबेज माणसाला परवडणारा होता. आठ वर्षांच्या मुलीला नाही, साठीच्या आजोबांनाही नाही. तरी अमेरिकेतल्या रस्ते-अभियंत्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांवर या विचाराचा पगडा राहिला. रस्त्यालगतच्या विलग मार्गांबद्दल त्या पुस्तिका सावधगिरीचेच इशारे देत राहिल्या.

मला या भांडणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वेगळे मार्ग मागणारे आणि नाकारणारे, दोन्ही बाजूंची माणसं सायकल चालवत होती. रस्ते आखणाऱ्याने स्वतः सायकल चालवली की आखणी सुधारते असं आपण सहज म्हणतो, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे; खड्डा, गटाराची जाळी, उघडणारं मोटारीचं दार हे खुर्चीत बसून कळत नाही. पण जो रोज सायकल चालवतो तो मुळात भीती गिळलेला माणूस असतो. ज्या रस्त्यावरून तो बिनधास्त जातो, त्याच रस्त्याकडे पाहून त्याची शेजारीण सायकल घराबाहेरच काढत नाही. तिचं मत विचारायला कुणी जात नाही, कारण ती सायकलस्वारांच्या यादीत नसतेच.

हे नेमकं हेरलं ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचे सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी. पालिकेत काम करताना जमलेल्या अनुभवावरून त्यांनी २००५-०६च्या सुमारास एक टिपण लिहिलं आणि शहरातल्या माणसांचे चार गट पाडले. कुठल्याही रस्त्यावर बेधडक घुसणारे एक टक्क्याहून कमी. पट्टा वगैरे आखलेला असेल तर आत्मविश्वासाने जाणारे सात टक्के. काही झालं तरी सायकलवर न बसणारे तेहतीस टक्के. उरलेले साठ टक्के लोक मनातून सायकलवर जायला तयार होते, पण रहदारीला घाबरत होते. हे आकडे अंदाजाचे होते. पुढे पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या जेनिफर डिल आणि नेथन मॅकनील यांनी पोर्टलंड परिसरातल्या ९०० हून अधिक प्रौढांची पाहणी केली. तो चौथा गट त्यांना ५६ टक्के आढळला. एका अधिकाऱ्याचा कयास पाहणीत इतका जवळ यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

म्हणजे आळशी कुणी नव्हतं. निम्म्याहून अधिक शहर दारात उभं होतं आणि भिऊन आत परत जात होतं.

आता प्रश्न असा होता की ही भीती मोजायची कशी. वाहतूक अभियांत्रिकीत त्याआधी सूत्रं होती, नाही असं नाही. पण ती क्लिष्ट होती आणि शेवटी एखादा निर्देशांक हातात ठेवत. त्यातून आई मुलाला या रस्त्यावर सोडेल का, हे कळत नसे. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी वेगळी वाट धरली. फर्थ आपल्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात नेदरलँड्सला नेत. डेल्फ्टमध्ये राहून मुलं सायकलवरून तिथले रस्ते शिकत. तिथल्या अभियंत्यांचे दंडक साधे असतात: गाड्या इतक्या वेगाने जात असतील तर पट्टा पुरे, त्याहून वेगाने जात असतील तर विलग मार्गच हवा. हे दंडक बहुसंख्य लोकांना सोसतात याचा पुरावा म्हणून अख्खा देश सायकलवर बसलेला होता. तिघांनी ते अमेरिकन रस्त्यांवर बेतले आणि ताणाच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिली पायरी लहान मुलांना झेपेल अशी. दुसरी बहुतेक प्रौढांना सोसेल अशी, म्हणजे गेलर यांच्या त्या साठ टक्क्यांची. तिसरी आत्मविश्वास असलेल्यांची. चौथी फक्त बेधडकांची.

मोजायचं काय, तर डोळ्यांना दिसेल तेवढंच. गाड्यांच्या किती रांगा? वेग किती? पट्टा आहे का, किती रुंद? त्याला लागून गाड्या उभ्या राहतात का? पट्टा अडवलेला असतो का? ताशी ४० किलोमीटरची, मधोमध रेघही नसलेली निवासी गल्ली पहिल्या पायरीत. सहा रांगांचा रस्ता, पट्टा नसेल तर, थेट चौथीत, वेग काहीही असो. आणि वेग ताशी ६४ किलोमीटर असेल तर नुसता रंगवलेला पट्टा त्याला चौथीतून बाहेर काढू शकत नाही.

इथपर्यंत वर्गीकरण झालं. शोधाला खरं वळण दिलं ते पुढच्या निर्णयाने. निरनिराळ्या ताणाचे तुकडे एका वाटेवर आले तर त्या वाटेला कोणती पायरी द्यायची? सरासरी काढणं सोपं होतं, सवयीचंही होतं. त्यांनी सरासरी नाकारली. वाटेवरचा सर्वांत वाईट तुकडा जो असेल, तीच अख्ख्या वाटेची पायरी.

हा निर्णय एवढा मोलाचा का, ते समजण्यासाठी एक फेरी डोळ्यांसमोर आणा. समजा तुमची मुलगी सॅन होजेत राहते आणि तिचं ऑफिस चार किलोमीटरवर आहे. घरासमोरची गल्ली शांत आहे, दोन्ही बाजूंना झाडं, मुलं खेळतायत. अशा तीन गल्ल्या ती आरामात पार करते. गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते, कारण तिथल्या वसाहती अशाच बांधल्यात; आतल्या गल्ल्या एकमेकींना न भेटता बाहेरच्या हमरस्त्यावर उघडतात. हमरस्त्याला सहा रांगा. कडेला दीडेक मीटरचा पट्टा आहे, तिच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावरून ताशी साठाच्या पुढे गाड्या चालल्यात. चौक जवळ येतो. उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांसाठी एक जादा रांग सुरू होते आणि तिच्या पट्ट्याची सलग रेघ तुटक होते, मग नाहीशीच होते. आता डावीकडून गाड्या तिच्या पुढून, मागून तिरक्या कापत उजव्या रांगेत शिरतात. त्यापलीकडे द्रुतगती मार्गाचा पूल. पुलाखालून जाताना वर चढणाऱ्या गाड्या वेग वाढवत तिच्या वाटेला छेद देतात. हे सगळं मिळून चारशे मीटर असेल. त्यानंतर पुन्हा शांत रस्ता आणि ऑफिस.

चार किलोमीटरपैकी साडेतीनच्या पुढे वाट उत्तम आहे. सरासरीने हा मार्ग चांगला ठरेल. पण तुमची मुलगी उद्या गाडी काढेल, आणि फोनवर तुम्हीही तिला तेच सांगाल.

नियम ठरल्यावर त्यांनी संगणकावर सॅन होजेचा नकाशा घेतला आणि तिसऱ्या-चौथ्या पायरीचे सगळे रस्ते त्यातून काढून टाकले. उरलेले, म्हणजे सामान्य माणसाला सोसतील असे रस्ते तेवढे ठेवले. शहरातल्या निम्म्याहून अधिक रस्त्यांना ताणाचा काही प्रश्नच नव्हता, ते पहिल्याच पायरीचे होते. तरी नकाशावर शहर उरलं नाही. उरले सुटे पुंजके. आत शांत गल्ल्यांची दाटी, आणि चहूबाजूंनी काहीच नाही. २८०, ६८०, १०१, ८७ हे द्रुतगती मार्ग, ग्वादालूपे नदी, कोयोटी ओढा, लोहमार्ग आणि ते सहापदरी हमरस्ते यांनी शहराचे तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्यात सायकल सुखाने फिरू शकत होती. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नव्हती. अहवालाने त्यांना बेटंच म्हटलं आहे.

ही बेटं किती जणांना अडवतात हेही त्यांनी मोजलं. घरापासून कामापर्यंतच्या फेऱ्यांचा तक्ता प्रादेशिक नियोजनाकडे असतोच, पण त्यातले विभाग इतके मोठे असतात की एकाच विभागात दोन-तीन बेटं मावतील. म्हणून त्यांनी तो तक्ता जनगणनेच्या छोट्या गटांपर्यंत खाली फोडला. त्यानंतर विचारलं: सहा मैलांपर्यंतच्या, म्हणजे साधारण दहा किलोमीटरच्या आतल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या दुसऱ्या पायरीच्या वर न चढता आणि सरळ वाटेपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वळसा न घेता पुऱ्या होतील?

४.७ टक्के.

शंभरांतल्या पंचाण्णव माणसांना शहराने वाटच ठेवली नव्हती. मग शंभरांत एखादाच सायकलवर दिसावा यात कोडं कसलं? आळसाचं, गाडीच्या हव्यासाचं, संस्कृतीचं सगळं स्पष्टीकरण या एका आकड्यापुढे लटकं पडतं. लोकांनी आपली परिस्थिती अचूक ओळखली होती. ती ओळखायला तज्ज्ञांनाच उशीर झाला.

त्याहून मोलाचा भाग पुढचा आहे. बेटं दिसली की त्यांच्यामधल्या खाड्या दिसतात, आणि कुठे बांध घातला तर काय जोडलं जाईल हेही दिसतं. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. सात बेटांचं एक शहर झालं ते सगळा समुद्र बुजवून नव्हे, वरळीच्या खिंडीसारख्या मोक्याच्या जागा आधी जोडल्या गेल्या म्हणून. तिघांनी सॅन होजेसाठी तसेच जोड सुचवले: कुठे द्रुतगती मार्गावरून पायी-सायकलचा पूल, कुठे हमरस्त्याच्या थोड्याच लांबीवर विलग मार्ग, कुठे ओलांडणीच्या जागी बदल. सगळे मिळून ३२ मैल, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. तेवढ्याने ४.७ टक्क्यांचा आकडा जवळजवळ तिप्पट होतो, असं त्यांच्या गणितात आलं. दहा लाखांच्या शहरात पन्नास किलोमीटर!

पालिका सहसा काय करते ते आपण पाहतोच. जिथे जागा मिळते तिथे पट्टा ओढते, कारण विरोध कमी आणि किलोमीटर जास्त. अवघड पूल आणि चौक पुढच्या टप्प्यावर जातात. वार्षिक अहवालात लांबी वाढत राहते आणि एकही नवं बेट जोडलं जात नाही.

डच लोकांना हे आधी ठेच लागून कळलं होतं. १९७०च्या दशकात तिथल्या सरकारने टिलबर्ग आणि द हेग इथे प्रात्यक्षिक म्हणून एकेक देखणा सायकलमार्ग बांधला. त्या मार्गावर गर्दी झाली, पण त्यातले बरेचसे आसपासच्या रस्त्यांवरून सरकलेले जुनेच सायकलस्वार होते. शहरातली सायकल फारशी वाढली नाही. म्हणून डेल्फ्टमध्ये १९८०च्या दशकात एका मार्गाऐवजी अख्खं जाळं पुरं करायला घेतलं, शहरपातळीचे, विभागाचे आणि मोहल्ल्याचे असे तीन स्तर धरून, आणि जिथे जाळं तुटत होतं तिथे भुयारी मार्ग आणि पूल घातले. आधीच ४० टक्के असलेला सायकलचा वाटा ४३वर गेला.

सेव्हियामध्ये याहून धीट प्रयोग झाला. स्पेनच्या या दक्षिणेकडच्या शहरात सायकल जवळपास नव्हतीच. २००६-०७मध्ये पालिकेने सुमारे ८० किलोमीटरचे, कठड्याने विलग केलेले आणि मुख्य म्हणजे एकमेकांना जोडलेले मार्ग एका झपाट्यात बांधले. दिवसाच्या सायकलफेऱ्या सहा-सात हजारांवरून काही वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास पोचल्या. सेव्हिया विद्यापीठातले प्राध्यापक आणि सायकल चळवळीतले कार्यकर्ते रिकार्डो मार्केस यांनी २०१७मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जाळं आल्यावर दर फेरीमागचा धोकाही उतरल्याचं दाखवलं. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणारं शहर आहे ते. आपल्याकडच्या उन्हाचं कारण पुढे करणाऱ्यांनी सेव्हिया जरूर पाहावं.

चौकाची फॉरेस्टरची शंकाही अनुत्तरित राहिली नाही. ॲन लस्क, फर्थ आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलमधले सहा विलग मार्ग त्यांच्या शेजारच्या साध्या रस्त्यांशी ताडून पाहिले. २०११मध्ये आलेला निष्कर्ष असा की विलग मार्गांवर अडीचपट सायकली होत्या आणि इजा होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होतं.

ताणाच्या चार पायऱ्या लगोलग पसरल्या. ऑरेगनच्या वाहतूक खात्याने त्या आपल्या कार्यपुस्तिकेत घेतल्या. मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने त्यांच्यावरच आपला सायकल आराखडा बेतला. मूळ तक्त्यात रस्त्यावरच्या गाड्यांची संख्या धरलेली नव्हती. २०१७च्या सुधारित आवृत्तीत फर्थ यांनी ती घातली. सॅन होजेनेही २०२०मध्ये नवा आराखडा केला, तोवर शहराच्या मध्यभागी विलग मार्ग उतरू लागले होते.

आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१७मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच्या किलोमीटरांवर बरीच चर्चा झाली आहे. माझी मागणी आहे ती सॅन होजेसारख्या, बेटं दाखवणाऱ्या नकाशाची: कोथरूडहून डेक्कनला किंवा हडपसरहून स्वारगेटला, दुसरी पायरी न ओलांडता, जाता येतं का? त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. फीत, वेग मोजायचं साधन आणि गल्लोगल्ली फिरणारी महाविद्यालयातली मुलं पुरतात. तक्ता मात्र आपला आपल्याला बेतावा लागेल. दुचाक्यांचे लोंढे, उलट दिशेने येणारी वाहनं, बसथांब्यावर कडेला घुसणारी बस, यांतलं काहीच सॅन होजेच्या तक्त्यात नाही. एक रकाना मात्र तसाच उचलता येईल. रंगवलेला पट्टा उभ्या गाड्यांनी वारंवार अडलेला असेल तर, त्याची रुंदी कितीही असो, तो रस्ता तिसऱ्या पायरीच्या खाली येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आपल्याकडे मोजणीची सुरुवात त्या रकान्यापासून करावी.